वहीतल्या नोंदी निर्णयापर्यंत: जैवविविधतेची माहिती ऑनलाइन देणाऱ्यांसाठी

रस्ता कुठून न्यायचा, पाणथळ जागेत भराव टाकायचा की नाही, अभयारण्याची हद्द कुठे आखायची, हे ठरवणाऱ्यांनी ती जागा बाराही महिने हिंडून पाहिलेली असतेच असं नाही. त्यांच्या समोर नकाशा असतो आणि नकाशावर ठिपके. जिथे ठिपका नाही तिथे काहीच नाही, असा अर्थ घाईघाईत काढला जातो. त्या जागेच्या कितीतरी वर्षांच्या नोंदी तुमच्या वहीत असतील, पण त्या बैठकीपुरत्या त्या असून नसल्यासारख्याच.

त्या नोंदी वहीतून, एक्सेलमधून, फोनमधल्या फोटोंतून काढून इतरांना वापरता येतील अशा ठिकाणी कशा ठेवायच्या, ते इथे क्रमाने सांगतो. या कामातून गेलेल्या कुणालाही विचारा, अपलोडचं बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग असतो. वेळ जातो तो आधीच्या साफसफाईत. त्यासाठी एकच कसोटी पुरते: तुम्हाला न ओळखणारा, त्या जागी कधीही न गेलेला माणूस तुमच्या तक्त्यातली एक ओळ वाचून तिच्यावर विसंबू शकेल का?

सुरुवातीला जवळ काय हवं

- मूळ वह्या, फोटो आणि ध्वनिमुद्रणं. टंकलेखन झालं म्हणून वही टाकू नका.
- सर्वेक्षणासाठी घेतलेल्या परवानगीची प्रत, आणि निधी कुणी दिला असेल तर त्यांच्या अटी.
- सोबत्यांची लेखी संमती, एका ओळीचा ईमेलही चालेल.
- एक्सेल किंवा लिब्रेऑफिस. नोंदी हजारांत असतील तर ओपनरिफाइन. मोफत आहे, आणि एकाच नावाची पाच वेगवेगळी स्पेलिंगं ते चटकन एकत्र आणून दाखवतं.
- ऑर्किड क्रमांक. संशोधकांना मिळणारा हा सोळा अंकी ओळखक्रमांक फुकट मिळतो आणि एकाच नावाच्या दोन माणसांतला घोळ टाळतो.

## १. आधी दार निवडा

सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी जात नाहीत. फिरता फिरता काढलेले सुटे फोटो असतील तर आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ सोयीचं. पक्ष्यांच्या याद्या असतील तर ईबर्ड, हे खास पक्षीनोंदींचं संकेतस्थळ. पद्धतशीर सर्वेक्षण, संस्थेचा नमुनासंग्रह किंवा जुन्या नोंदींचा मोठा साठा असेल तर जीबीआयएफ, म्हणजे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. २००१ मध्ये सुरू झालेलं, देशोदेशींच्या सरकारांच्या पैशावर चालणारं हे जाळं आहे. त्याचं सचिवालय कोपनहेगनला आहे आणि तिथे आज ३ अब्जांहून जास्त नोंदी एकत्र शोधता येतात. आयनॅचरलिस्ट आणि ईबर्डवरच्या नोंदीही पुढे तिथे पोहोचतात. मात्र आयनॅचरलिस्टवरून त्यातल्या ‘रिसर्च ग्रेड’ नोंदीच जातात: फोटो किंवा आवाज आहे, तारीख आणि जागा आहे, जीव रानातला आहे, आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत आहे. कुंडीतल्या जास्वंदीवर ‘लागवडीतलं’ अशी खूण करायला नवे लोक हमखास विसरतात.

इथले दोन सापळे. पहिला, जीबीआयएफवर एकट्या व्यक्तीला थेट प्रकाशक होता येत नाही. संस्था लागते, आणि त्या संस्थेला मान्यता मिळायला वेळ लागतो. जवळपास एखादं विद्यापीठ, संग्रहालय किंवा निसर्गमंडळ आधीच प्रकाशक असेल तर त्यांच्यामार्फत जा. दुसरा, एकच निरीक्षण आयनॅचरलिस्टवरही आणि स्वतःच्या डेटासेटमध्येही टाकू नका. नकाशावर एका प्राण्याचे दोन होतात. टाकायचंच असेल तर दोन्ही नोंदी एकच आहेत हे शेऱ्यात लिहा.

## २. या नोंदी कुणाच्या, हे विचारा

कंटाळवाणी पायरी आहे, पण नंतर निस्तरायला फार अवघड. संरक्षित क्षेत्रातल्या सर्वेक्षणाच्या परवानगीत माहिती जाहीर करण्याबद्दल अट असू शकते. नमुने गोळा केले असतील तर नागोया करारातून, म्हणजे जैविक संसाधनं मिळवणं आणि त्यांच्या लाभाची वाटणी याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातून, आलेले देशोदेशींचे नियम लागू होऊ शकतात. हा करार २०१४ पासून अमलात आहे. आणि एखाद्या औषधी झाडाची जागा तुम्हाला तिथल्या लोकांनी विश्वासाने दाखवली असेल, तर ती जगजाहीर करायचा अधिकार तुमच्या एकट्याकडे नाही. कायद्यात बसतं म्हणून केलं, हे उत्तर तिथे पुरणार नाही.

कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे रानात लावून ठेवलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंत माणसं येतात. लाकूड आणायला गेलेली, गुरं घेऊन जाणारी. ते फोटो अपलोडपूर्वी बाजूला काढा, अपवाद न करता.

## ३. तक्ता: एका ओळीत एकच नोंद

जैवविविधतेच्या माहितीसाठी जगभर वापरला जाणारा साचा म्हणजे डार्विन कोअर. २००९ मध्ये तो मानक म्हणून मान्य झाला. त्यात स्तंभांची नावं ठरलेली आहेत आणि ती दिसतात तितकी भीतिदायक नाहीत. प्रत्येक नोंदीला चार गोष्टी हव्यातच:

- नोंदीचा स्वतःचा कायमचा क्रमांक. एक्सेलच्या ओळीचा क्रमांक वापरू नका. तक्ता पुन्हा क्रमाने लावला की सगळे क्रमांक बदलतात आणि पुढच्या वेळी जुन्या नोंदी नव्या समजल्या जातात.
- नोंद कशावर आधारलेली आहे. डोळ्यांनी पाहिलं, यंत्राने टिपलं, की संग्रहालयातला नमुना.
- शास्त्रीय नाव.
- तारीख.

तारखेपाशी थांबू या, कारण सर्वाधिक पडझड इथेच होते. ०४/०५/२०२३ म्हणजे चार मे की पाच एप्रिल? वाचणाऱ्याच्या देशावर अवलंबून आहे. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा: २०२३-०५-०४. दिवस आठवत नसेल तर २०२३-०५ एवढंच लिहा, तेही चालतं. पण महिना-दिवस माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकून देऊ नका. अशा नोंदी साठत गेल्या की पावसाळ्यात फुलणारं झाड ऐन थंडीत फुललेलं दिसतं, आणि त्यावरून कुणीतरी हवामानबदलाचा निष्कर्ष काढतो.

एक्सेल दिसेल त्या मजकुराची तारीख करून टाकतं. जनुकशास्त्रज्ञ याला इतके वैतागले की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या नियमावलीत याचा उल्लेख आहे. आपल्याला तेवढं करायला नको. स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला की झालं.

दुसरी एक्सेलची खोड: कोपरा धरून खाली ओढलं की आकडा वाढत जातो. अक्षांश-रेखांश ज्या प्रणालीत मोजले तिचं नाव डब्ल्यूजीएस८४. ते खाली ओढलं की पुढच्या ओळींत डब्ल्यूजीएस८५, ८६, ८७ असं तयार होतं. असल्या प्रणाली अस्तित्वातच नाहीत. ओढण्याऐवजी कॉपी-पेस्ट करा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास: तारीख आणि आकडे फाइलमध्ये इंग्रजी अंकांतच भरा, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांना मजकूर समजतं. स्थानिक नावं मात्र देवनागरीत जरूर लिहा, त्यांच्यासाठी वेगळा स्तंभ आहे. फाइल साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. साधी सीएसव्ही निवडली की सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसतात.

## ४. जागा, आणि तिच्याबद्दलची शंका

माझ्या मते अख्ख्या तक्त्यातला सर्वांत मोलाचा स्तंभ बहुतेक लोक रिकामा सोडतात. तो म्हणजे ‘अनिश्चितता, मीटरमध्ये’.

अक्षांश-रेखांश दशांशात लिहा. अंश-मिनिटांतून बदलताना १२ अंश ३० मिनिटं म्हणजे १२.५ होतात, १२.३० नव्हे. ही चूक उत्तर-दक्षिण २० किलोमीटरहून जास्त अंतराने ठिपका हलवते, आणि नकाशावर तो ठिपका अगदी सोज्वळ दिसत राहतो. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, म्हणजे साधारण एक मीटर. आठ आकडे लिहिले तर मिलिमीटरपर्यंत मोजल्याचा दावा होतो. कुठलाही फोन तेवढं मोजत नाही.

आता अनिश्चितता. उघड्या माळावर फोनचा जीपीएस काही मीटरांत जागा सांगतो, दाट झाडीत किंवा घळीत तो भरकटतो. शिवाय तो सांगतो तुमची जागा. दुर्बिणीतून पाहिलेला गरुड समोरच्या कड्यावर होता, तो तीनशे मीटर लांब. मग अनिश्चितता किमान तीनशे. जुन्या वहीत नुसतं गावाचं नाव असेल तर गावाच्या मध्याचा बिंदू घ्या आणि तिथून सर्वांत लांबच्या शिवेपर्यंतचं अंतर अनिश्चितता म्हणून लिहा. चार किलोमीटर आलं तर चार हजार लिहा, त्यात कमीपणा काही नाही. शून्य मात्र कधीच लिहू नका. साच्यात शून्य हे मूल्य ग्राह्यच नाही.

याने निर्णयात काय फरक पडतो? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टचं, म्हणजे प्रजातींना किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीचं, उदाहरण घ्या. तिथे एक निकष प्रजातीच्या भौगोलिक विस्ताराचा आहे. सगळ्या नोंदी कवेत घेणारा बहुभुज काढून त्याचं क्षेत्रफळ मोजतात: २०,००० चौरस किलोमीटरखाली ‘असुरक्षित’, ५,००० खाली ‘संकटग्रस्त’, १०० खाली ‘अतिसंकटग्रस्त’ अशा पातळ्या आहेत. केवळ क्षेत्रफळावर वर्ग ठरत नाही, अधिवासाची घसरण वगैरे इतर अटीही लागतात. पण लांबवर पडलेला एकच चुकीचा ठिपका तो बहुभुज ताणून मोठा करतो आणि धोक्यातली प्रजाती कागदावर सुखरूप दिसू लागते. प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांनी मोजतात. त्यामुळे पाच किलोमीटर अनिश्चितता असलेली नोंद तिथे जपून वापरावी लागते, आणि तपासनिसाला ते कळणार तुम्ही तो स्तंभ भरला असेल तरच.

अपलोडपूर्वी सगळे ठिपके एकदा नकाशावर पाहा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असेल तर ते भलत्याच देशात दिसतील. दोन्ही स्तंभांत शून्य राहिलं असेल तर ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात पडतो. तिथे जगभरच्या बेडकांची आणि वडाच्या झाडांची गर्दी झालेली असते.

## ५. नाव

शास्त्रीय नावासोबत सृष्टी (प्राणी की वनस्पती) आणि कुळ लिहा. इनँथी हे एका पक्षीवंशाचं नाव आहे आणि एका वनस्पतिवंशाचंही. नुसतं नाव दिलं तर यंत्राला कळणार कसं? जीबीआयएफवर नावं जुळवून पाहायचं साधन आहे, त्यातून यादी एकदा काढा.

वहीत त्या वेळी जे लिहिलं होतं तेही वेगळ्या स्तंभात जपा. प्रजाती फुटतात. आफ्रिकी हत्तीचं रेड लिस्टवर पूर्वी एकत्र मूल्यांकन होत असे. २०२१ मध्ये वनहत्ती आणि सॅव्हानाहत्ती वेगळे धरले गेले, पहिला अतिसंकटग्रस्त आणि दुसरा संकटग्रस्त. जुन्या नोंदीत मूळ मजकूर, जागा आणि फोटो असेल तर ती कुठल्या हत्तीची ते आजही ठरवता येतं.

खात्री वंशापर्यंतच असेल तर वंशापर्यंतच लिहा.

## ६. काय लपवायचं, किती लपवायचं

इथे घाई नको. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या, सापासारख्या लांब मानेच्या कासवाचं शास्त्रीय वर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी त्याच्यावर झडप घातली. ते आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या चीनमधल्या एका पालीचीही हीच कथा. ज्या जागेवरून तिचं वर्णन झालं तिथून ती नाहीशी झाली. तेव्हा स्वतःला विचारा: या जिवाला कुणी पकडतं, विकतं, उपटून नेतं, किंवा नुसतं बघायला गर्दी करून घरट्यावरून उठवतं का? तो एका जागी सापडणारा आहे का? दोन्हीला ‘हो’ असेल तर अचूक जागा उघड करू नका.

लपवण्याची रीत अशी. अक्षांश-रेखांशांचे दशांश कमी करा. एकच दशांश ठेवला तर जागा साधारण अकरा किलोमीटरच्या चौकोनात जाते. मग अनिश्चिततेचा आकडा त्या मानाने वाढवा आणि ‘जागा मुद्दाम ढोबळ केली आहे, अचूक माहितीसाठी संपर्क साधा’ असं त्यासाठीच्या स्तंभात लिहा. ठिपका गुपचूप दुसरीकडे सरकवणं सर्वांत वाईट. त्यावर कुणी अधिवासाचं प्रारूप बांधलं तर ते चुकणार आणि का चुकलं ते कुणालाच कळणार नाही. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या अनेक प्रजातींची जागा आपोआप ढोबळ करतं. तरी आपोआपवर विसंबू नका, स्थानिक पातळीवर काय विकलं जातं ते तुम्हाला जास्त ठाऊक.

एवढं करूनही माहिती फुटते, ती अशी:

- जागेच्या वर्णनात ‘देवळामागच्या तळ्याच्या दक्षिण काठाला’ असं तसंच राहून जातं.
- फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस दडलेला असतो.
- फोटोच्या पार्श्वभूमीला ओळखू येणारा सुळका असतो.
- त्याच दिवशी, दहा मिनिटांच्या अंतराने तुम्हीच टाकलेल्या फुलपाखराची जागा उघडी असते. शेजारच्या ज्या आर्किड फुलाची जागा तुम्ही लपवली, ती त्यावरून कुणीही ताडेल.

उलट बाजूही आहे. भीतीपोटी सगळंच झाकणारे लोक मी पाहिले आहेत, साळुंकीसुद्धा. खाणीची हद्द कुठे थांबवायची हे अकरा किलोमीटरच्या चौकोनावरून ठरत नाही. म्हणून मूळ अचूक नोंदी सांभाळून ठेवा आणि त्या कुणाला, कोणत्या अटीवर द्यायच्या हे आधीच लिहून ठेवा.

## ७. दिसलं नाही, तेही लिहा

किती वेळ शोधलं, किती अंतर चाललात, किती जण होतात, जाळी किती लावली, हे नसेल तर तुमच्या नोंदींवरून ‘इथे आहे’ एवढंच कळतं. ‘कमी होत आहे’ हे कळत नाही, आणि संवर्धनाच्या निर्णयाला बहुधा तेच हवं असतं. ईबर्डवर ‘ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का’ असा प्रश्न येतो. त्याला खरेपणाने ‘हो’ म्हणता येणारी वीस मिनिटांची यादी दिवसभराच्या निवडक दुर्मीळ पक्ष्यांपेक्षा विश्लेषणाला जास्त उपयोगी पडते.

सर्वेक्षण असेल तर जीबीआयएफवर त्यासाठी वेगळा डेटासेटचा प्रकार आहे. त्यात प्रत्येक भेट ही एक घटना आणि तिच्याखाली नोंदी. शोधून न सापडलेली प्रजाती ‘अनुपस्थित’ म्हणून लिहिता येते. रिकामा चौकोन आणि शून्य यांत फरक ठेवा: रिकामा म्हणजे मोजलं नाही, शून्य म्हणजे मोजलं आणि मिळालं नाही.

## ८. परवाना

तुमची माहिती इतरांनी कशी वापरायची हे परवाना सांगतो. जीबीआयएफ क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) तीनच परवाने घेतं: सीसी-झीरो, सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी. पहिल्यात कोणतंही बंधन नाही, दुसऱ्यात श्रेय द्यावं लागतं, तिसऱ्यात श्रेय आणि वर अव्यापारी वापराची अट.

तिसरा सुरक्षित वाटतो, म्हणून लोक तोच निवडतात. पण पर्यावरणीय परिणामांचा अहवाल बहुधा पैसे घेणारी सल्लागार कंपनी लिहिते. ‘अव्यापारी’ वाचून ती तुमच्या नोंदी बाजूला ठेवेल, आणि ज्या अहवालात त्या यायला हव्या होत्या त्यातच येणार नाहीत. मी सीसी-बाय सुचवतो. आयनॅचरलिस्टवर आपोआप बाय-एनसी लागतो आणि ‘सर्व हक्क राखीव’ ठेवलं तर नोंद जीबीआयएफकडे जातच नाही. तिथे निरीक्षणाचा आणि फोटोचा परवाना वेगवेगळा निवडता येतो. फोटोवर जीव असेल तर फोटो राखून ठेवा, नोंद मोकळी सोडा.

## ९. प्रकाशन

जीबीआयएफसाठी आयपीटी नावाचं साधन वापरतात. स्वतःचा सर्व्हर लागत नाही, तुमच्या संस्थेला दुसऱ्या कुणाच्या आयपीटीवर जागा मिळू शकते. फाइल चढवायची, स्तंभ जुळवायचे, डेटासेटचं वर्णन लिहायचं. आधी तीच फाइल जीबीआयएफच्या तपासणी-साधनातून काढा. तारखा, देश, शून्याचे ठिपके ते लगेच दाखवतं.

वर्णन दोन ओळींत उरकू नका. काय केलं त्याहून काय केलं नाही ते स्पष्ट लिहा: फक्त दिवसा, फक्त रस्त्यालगत, पावसाळ्यात एकदाही नाही, गवतं ओळखता येत नसल्याने वगळली. हे वाचलं की नकाशावरची मोकळी जागा ‘काही नाही’ म्हणून वाचायची सोय उरत नाही.

प्रकाशन झालं की डेटासेटला डीओआय मिळतो. तो तुमच्या कामाचा कायमचा पत्ता. पुढे चुका कळवणारे ईमेल येतील. त्यांचा राग मानू नका, दुरुस्ती करा, नोंदींचे क्रमांक तेच ठेवा आणि नवी आवृत्ती चढवा.

## १०. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत

अपलोड करून गप्प बसलं तर नोंद सापडेल याची खात्री नाही. हरकती आणि सूचनांना मुदत असते; तिच्यानंतर प्रसिद्ध झालेली उत्तम माहितीही त्या फेरीत कामाची नाही. म्हणून ज्या जागेवर प्रकल्पाची कुजबुज आहे तिथल्या नोंदी आधी हाती घ्या, बाकीच्या मागून.

संबंधित कार्यालयाला वेबसाइटचा नुसता दुवा पाठवू नका. दोन पानांचं टिपण करा: एक नकाशा, धोक्यातल्या प्रजातींची छोटी यादी, प्रत्येकीची शेवटची तारीख आणि अनिश्चितता, सर्वेक्षणाच्या मर्यादा, आणि डीओआय. टिपणात इतरांच्याही नोंदी वापरल्या असतील तर जीबीआयएफवरून खातं उघडून रीतसर डाउनलोड करा. त्या डाउनलोडला स्वतंत्र डीओआय मिळतो आणि त्यातून प्रत्येक मूळ डेटासेटला श्रेय जातं. डाउनलोड केलेल्या फाइलची एक प्रत तुमच्याकडेही ठेवा, म्हणजे सुनावणीत कुणी ‘हा आकडा कुठून आला’ असं विचारलं तर त्या दिवशीचा तोच संच उघडून दाखवता येईल.